स्क्रीनवर पट्टे आले म्हणजे कार्ड गेलंच असं नाही

जुन्या डेस्कटॉपवर एक दिवस अचानक उभेआडवे पट्टे, रंगीत ठिपके नाहीतर नुसती काळी स्क्रीन आली की बहुतेक वेळा एकच निदान ऐकू येतं, ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवरचं चित्र तयार करणारा भाग) गेलं, नवीन टाका. कधी कधी ते बरोबरही असतं. पण एनव्हिडिया कंपनीची जीटी २१०, ९५०० जीटी, जीटी ६१० असली कार्डं अजून घरांत, क्लासमध्ये, झेरॉक्सच्या दुकानांत निमूट चालू आहेत आणि त्यातली काही नुसत्या केबलपायी किंवा ड्रायव्हरपायी (विंडोजला कार्ड चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) भंगारात जातात, म्हणून आधी पिक्चर नेमकं कुठे बिघडतंय ते शोधायचं, खिशात हात नंतर घालायचा.

स्क्रीनवर दिसतं ते चित्र आधी कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत तयार होतं. १९२० बाय १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० पिक्सेल, प्रत्येकाला ४ बाइट धरले तर एका फ्रेमचे ८० लाखांच्या वर बाइट झाले, आणि कार्ड ते सेकंदाला ६० वेळा वाचून केबलमधून मॉनिटरकडे पाठवत असतं, म्हणजे सेकंदाला जवळपास ५० कोटी बाइट, तेही तुम्ही काही न करता नुसतं वॉलपेपर बघत बसलात तरी. या वाटेवर कुठेही गडबड झाली तरी आपल्याला ती दिसते एकाच जागी, मॉनिटरवर, आणि तिथेच सगळा घोळ होतो.

सगळ्यात आधी मॉनिटरचंच बटण दाबून ब्राइटनेसचा मेनू उघडा. तो मेनू कॉम्प्युटरकडून येत नाही, मॉनिटर स्वतः काढतो. पट्टे त्या मेनूवरूनही जात असतील तर कार्डाला उगाच शिव्या देऊ नका, मॉनिटर बिघडलाय. मेनू स्वच्छ दिसला तर स्क्रीनशॉट काढा आणि फोनवर पाठवून बघा. फोनवरही ठिपके दिसले तर चित्र मेमरीतच खराब झालंय, दोष कार्डात किंवा ड्रायव्हरमध्ये. फोनवर चित्र चकाचक असेल तर बहुतेक वेळा पुढची वाट बिघडलेली असते, म्हणजे कार्डाचं आउटपुट, पोर्ट नाहीतर केबल. आता कार्ड की ड्रायव्हर? मशीन रीस्टार्ट करून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये जा, तिथे विंडोजचा ड्रायव्हर लोडच झालेला नसतो, त्यामुळे तिथेही अक्षरं तुटकी किंवा भलतीच दिसली तर ड्रायव्हर सुटला आणि कार्ड अडकलं. या तिन्ही गोष्टींना एक रुपया लागत नाही.

जुन्या निळ्या व्हीजीए केबलची गंमत वेगळी. हे कनेक्टर १९८७ सालचे, आयबीएमच्या पीएस/२ बरोबर आलेले, आणि त्यात लाल, हिरवा, निळा हे तीन रंग वेगवेगळ्या पिनांमधून जातात, त्यामुळे एक पिन वाकली की एकच रंग गायब होतो. निळा गेला तर पांढरं पान पिवळं दिसतं, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळं. अशी एकरंगी स्क्रीन दिसली तर आधी केबल काढून पिना बघायच्या, बाकी सगळं नंतर.

ड्रायव्हरचं म्हणाल तर जुन्या कार्डांचा सपोर्ट कधीच संपलाय. जीटी २१० आणि ९५०० जीटीसाठी विंडोजचा शेवटचा ड्रायव्हर ३४२.०१, डिसेंबर २०१६ चा. विंडोजने अपडेटमध्ये भलताच ड्रायव्हर टाकला किंवा टाकलाच नाही तर रिझोल्यूशन अडकून बसतं आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ दिसतं. कार्ड मेलेलं नाही, त्याला ओळखणारं कोणी नाही एवढंच. सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच गोष्टींवर चालू करून, जुना ड्रायव्हर काढून योग्य तो टाकला की बऱ्याचदा काम होतं.

खरोखर कार्डच बिघडलं असेल तर बऱ्याचदा कारण उष्णता. चिप सिलिकॉनची, ती ज्या पट्टीवर बसते ती वेगळ्या मटेरियलची, आणि तापल्यावर ती पट्टी सिलिकॉनच्या पाच-सहा पट पसरते. मध्ये सोल्डरचे, म्हणजे वितळवून सांधे जोडणाऱ्या धातूचे, बारीक बारीक ठिपके असतात, त्यांना रोज मशीन चालू-बंद होताना हा ताण सोसावा लागतो आणि वर्षानुवर्षांनी त्यांना तडे जातात. हे काही अंदाजपंचे नाही, जुलै २००८ मध्ये एनव्हिडियाने आपल्या काही लॅपटॉप चिप्सच्या पॅकेजिंग मटेरियलमधला कमकुवतपणा मान्य करून वॉरंटीच्या खर्चासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले होते.

यातूनच कार्ड ओव्हनमध्ये भाजायचा तो प्रसिद्ध जुगाड निघाला. माझं स्पष्ट मत, करू नका. लेड-फ्री सोल्डर साधारण २१७ अंशांच्या पुढे वितळतं, त्याखाली भाजलं तर ते वितळत नाही, गरम होऊन पसरल्यामुळे तुटलेले सांधे पुन्हा टेकतात एवढंच, जुळत नाहीत. म्हणून कार्ड चालू होतं आणि थोड्याच काळात परत बंद पडतं. शिवाय कार्डावरच्या प्लास्टिकचा आणि फ्लक्सचा (सोल्डरिंगला वापरलेल्या रसायनाचा) धूर जेवणाच्या ओव्हनमध्ये नको. त्यापेक्षा पंख्यातली धूळ काढा, चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली असेल तर पुसून नवीन लावा, हे तडे जायच्या आधी केलेलं बरं.

कोकणात, मुंबईत खारी दमट हवा असते, तिथे कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो आणि स्लॉटमध्ये कॉन्टॅक्ट नीट होत नाही. आपल्याकडे खोडरबराने घासायची पद्धत आहे, चालतं, पण दरवेळी घासलं तर सोन्याचा पातळ मुलामा झिजतो, त्यापेक्षा कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. मशीनचा प्लग काढून, आणि आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून.

गेम चालू केला की स्क्रीन काळी होते? एसएमपीएसकडे, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याकडे बघा, गेममध्ये कार्डाला जास्त वीज लागते आणि ती त्याला पुरवता येत नसेल. स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटच मिळतात, ६ पिनच्या केबलने आणखी ७५.

आणि जुनं कार्ड नवीन मदरबोर्डवर लावलं, पंखा फिरतोय पण स्क्रीनवर काहीच येत नाही असं झालं तर ते बिघडलंय असं समजून परत काढू नका. साधारण २०१२ च्या आधीच्या कार्डांना यूईएफआय, म्हणजे बायोसच्या जागी आलेली नवी पद्धत, कळत नाही, त्यामुळे प्रोसेसरला इनबिल्ट ग्राफिक्स असेल तर मॉनिटर मदरबोर्डच्या पोर्टला जोडून सेटिंगमध्ये जायचं, सीएसएम नावाचा, जुन्या पद्धतीने मशीन चालू होऊ देणारा पर्याय असला तर तो चालू करायचा, आणि मग केबल परत कार्डाला. काही नव्या बोर्डांवर हा पर्यायच काढून टाकलाय, तिथे मात्र उपाय नाही.