स्टोकॅस्टिक फ्रंटियर सॉफ्टवेअर

शेत, कारखाना किंवा बँक हाताशी असलेल्या साधनांतून जास्तीत जास्त किती उत्पादन काढू शकली असती आणि प्रत्यक्षात किती मागे राहिली, याचा अंदाज आकडेवारीवरून बांधणारे संगणकीय कार्यक्रम. यामागचे प्रतिमान 1977 मध्ये एग्नर, लव्हेल व श्मिट आणि म्यूसेन व व्हान डेन ब्रोक यांनी स्वतंत्रपणे मांडले. त्यात त्रुटीचे दोन भाग पडतात: हवामान, नशीब, मोजमापातली चूक यांमुळे वर-खाली होणारा ‘व्ही’ आणि उत्पादनाला फक्त खालीच ओढणारा ‘यू’, म्हणजे अकार्यक्षमता. साध्या रिग्रेशनला (आकड्यांमधून सरासरी संबंधाची रेषा काढण्याच्या पद्धतीला) ही फोड जमत नाही.

टिम कोएली यांचा फॉरट्रानमधील ‘फ्रंटियर 4.1’ (1996) बराच काळ या विषयाची ओळख होता. संख्यांचे लॉगरिदम आधीच काढून साध्या मजकूर-फाइलीत रकान्यांनी मांडायचे: संस्थेचा क्रमांक, वर्ष, उत्पादन, मग साधने. कार्यक्रम आधी साधे रिग्रेशन करतो, मग गॅमाच्या (‘यू’चे प्रसरण, म्हणजे फैलावाचे माप, भागिले ‘यू’ व ‘व्ही’ यांच्या मापांची बेरीज; 0 ते 1 मधला आकडा) निरनिराळ्या किमती चाचपतो आणि सर्वांत बरी किंमत धरून लाइकलिहुडच्या, म्हणजे हाती असलेली आकडेवारी मिळण्याच्या शक्यतेच्या, शिखराकडे चढतो. हाच गाभा पुढे ‘आर’ या सांख्यिकी भाषेतील ‘फ्रंटियर’ पॅकेजमध्ये आला. ‘स्टेटा’ व ‘लिमडेप’ या सांख्यिकी सॉफ्टवेअरमध्येही ही सोय आहे.

घोटाळा होतो तो निकाल वाचताना. एकच गोष्ट कुठे गॅमा म्हणून छापली जाते, कुठे लॅम्डा (‘यू’ व ‘व्ही’ यांच्या प्रसरणांच्या वर्गमुळांचे गुणोत्तर), तर कुठे दोन प्रसरणांचे लॉगरिदम म्हणून. लॅम्डा 2 आणि गॅमा 0.8 हे एकच उत्तर आहे. त्यावरून ‘80 टक्के चढउतार अकार्यक्षमतेमुळे’ असे सर्रास लिहिले जाते, ते चूक. ‘यू’ अर्ध-नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वितरणाचा एकाच बाजूचा अर्धा भाग) असेल तर त्याचे खरे प्रसरण गॅमात त्याच्यासाठी धरलेल्या आकड्याच्या सुमारे 36 टक्केच भरते, आणि हिशेब 59 टक्क्यांच्या आसपास येतो.

दुसरी अडचण तिरपेपणाची. उत्पादनाच्या प्रतिमानात रिग्रेशनच्या अवशेषांची (प्रत्यक्ष व अंदाजित आकड्यांतील फरकांची) शेपटी डावीकडे लांबलेली हवी. ती उजवीकडे निघाली तर ‘यू’चे प्रसरण शून्यावर येते आणि सगळ्या संस्था शंभर टक्के कार्यक्षम ठरतात. वॉल्डमन यांनी 1982 मध्येच दाखवल्याप्रमाणे हा सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. मात्र प्रतिमान खर्चाचे असेल तर आधी सॉफ्टवेअरमध्ये खर्चाचा पर्याय निवडला होता ना, हे पाहावे. खर्चात ‘यू’ वर ढकलतो, आणि उत्पादनाचाच पर्याय राहिला तर नेमके हेच चित्र दिसते.