तीळ (त्वचेवरील)

त्वचेला रंग देणाऱ्या पेशी (मेलॅनोसाइट) एरवी बाह्यत्वचेच्या तळाशी सुट्या विखुरलेल्या असतात. त्या एका जागी पुंजक्याने वाढल्या की उमटणाऱ्या काळ्या, तपकिरी किंवा कातडीच्याच रंगाच्या खुणेला तीळ म्हणतात. बहुतेक तीळ बालपणापासून तिशीपर्यंत उगवतात. वयाबरोबर पेशींचे पुंजके अंतस्त्वचेत उतरतात, तसा तीळ उंच, मऊ व फिका होतो. अशा उंच तिळाला बोलीत मस म्हणतात. चामखीळ निराळी असते; तिच्यात रंगपेशींचा पुंजका नसतो.

तीळ बहुधा निरुपद्रवी असतो, इतका की सरकारी अर्जांत ‘उजव्या गालावर तीळ’ अशी ओळखखूण म्हणून त्याची नोंद होत आली आहे. तो काढण्याची कारणे प्रायः सौंदर्याची किंवा दाढी करताना, कपडा घासताना होणाऱ्या त्रासाची असतात. मात्र दोन बाजू विसंगत, कडा दातेरी, रंग मिश्र, व्यास ६ मिमी.पेक्षा जास्त किंवा रूप बदलते असल्यास मेलॅनोमा या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. सावळ्या त्वचेत हा कर्करोग विशेषतः तळपाय, तळहात व नखाखाली आढळतो, आणि नेमक्या त्याच जागा पाहण्यातून सुटतात.

काढण्यासाठी जागा लिग्नोकेनच्या सुईने बधिर करतात. उंच तीळ धारदार पात्याने त्वचेच्या पातळीला तासता येतो. टाके लागत नाहीत, पण मुळाशी उरलेल्या पेशींतून रंग परतू शकतो. संशयास्पद तीळ भोवतालच्या थोड्या त्वचेसह पूर्ण कापून काढतात. हा छेद गोल न घेता दोन्ही टोकांना निमुळता घेतात, म्हणजे टाके घातल्यावर टोकांशी कातडी फुगत नाही. चेहऱ्यावरील टाके साधारण ५ ते ७ दिवसांनी, पाठीवरील १० ते १४ दिवसांनी काढतात. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकीय तपासणीला पाठवतात. लेसरने तीळ जाळल्यास तपासायला काही उरत नाही. म्हणून ‘डाग न राहण्याची’ जाहिरात कितीही आकर्षक असली, तरी शंकास्पद तिळाला लेसर वर्ज्यच समजावा. छाती व खांद्यावर कोणत्याही पद्धतीने जाड, वाढता व्रण (कीलॉइड) राहण्याचा धोका असतो.

चुना किंवा बिब्बा लावून तीळ घालवण्याच्या घरगुती उपायांत त्वचा भाजते, फोड येतो आणि बऱ्याचदा तिळापेक्षा मोठा काळा डाग मागे राहतो. शिवाय अर्धवट जळलेल्या तिळातून पुन्हा उगवणारा रंग वेडावाकडा असल्याने तो सूक्ष्मदर्शकाखालीही मेलॅनोमासारखा भासू शकतो. अशा वेळी आधीचा उपाय डॉक्टरांना सांगणे आवश्यक असते.