पिकअपचं पाणी जातं कुठे?

"ताई, गाडी रोज लिटरभर पाणी खातेय, आणि खाली एक थेंब नाही."

आतेभावाचा फोन आला तेव्हा तो खोपोलीत, घाटाच्या अलीकडे बोनेट उघडून उभा होता. तुर्भ्याच्या दाणाबंदरातून किराणा भरायचा आणि लोणावळ्याला पोचवायचा, हा त्याचा धंदा. एका गॅरेजमध्ये दोन मिनिटं धूर बघून "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल" असं सांगून टाकलं होतं. (हेड गॅस्केट म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील.) मी ऐरोलीत अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. पाना धरायचं काम माझं नाही, पण एवढं नक्की माहीत होतं की पाणी नाहीसं होत नाही. ते कुठेतरी जातं, आणि कधी जातं हे नीट पाहिलं की कुठे जातं हेही कळतं.

आधी हे पाणी करतं काय ते पाहू. डिझेल जळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांच्या कामी येतो. जवळपास तेवढीच उष्णता कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या या पाण्यात, जाते आणि उरलेली सायलेन्सरवाटे बाहेर पडते. खोपोली ते लोणावळा रस्ता साडेपाचशे मीटरच्या आसपास चढतो. मालासकट ३ टन वजन तेवढं उचलायला सुमारे १६ मेगाज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे निव्वळ चढापायी तितकीच उष्णता कूलंटला वाहून न्यावी लागते. एवढ्या उष्णतेत नळाचं पन्नासेक लिटर पाणी उकळीला येईल, आणि गाडीत कूलंट असतं जेमतेम आठ-दहा लिटर! तेच पाणी सतत फिरून रेडिएटरमध्ये उष्णता टाकतं, म्हणून भागतं. त्यातलं दोन लिटर कमी झालं की घाटात तापमानाचा काटा का चढतो, हे वेगळं सांगायला नको.

रेडिएटरचं झाकण नुसतं झाकण नसतं. त्यातली स्प्रिंग आत साधारण १ बार जादा दाब धरून ठेवते. त्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही, आणि ग्लायकॉल मिसळलेलं कूलंट त्याहून थोडं पुढे जातं. झाकण गरम असताना उघडलं की दाब क्षणात उतरतो, आतलं पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर उडतं. घाईत असलेल्या ड्रायव्हरांचे भाजलेले हात मी पाहिलेत. अर्धा तास थांबा, पण गरम झाकणाला हात लावू नका.

याच झाकणात दुसरा एक छोटा वॉल्व्ह असतो. इंजिन थंड झालं की तो बाजूच्या बाटलीतलं कूलंट परत आत ओढून घेतो. बाटली भरलेली, पण रेडिएटर मात्र रिकामा, असं दिसलं तर आधी झाकण बदलून बघा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच.

आता आतेभावाची गाडी. पाणी जायच्या वाटा दोनच: बाहेर किंवा आत. हेड गॅस्केट फाटलं तर सिलिंडरमधला वायू प्रचंड दाबाने कूलंटमध्ये शिरतो. मग थंड इंजिन सुरू करताच होज पाईप दगडासारखे कडक होतात, बाटलीत बुडबुडे येतात, ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसते किंवा गोडसर वासाचा पांढरा धूर निघत राहतो. पावसाळी सकाळी दोन मिनिटं दिसणारा पांढरा धूर मात्र निव्वळ वाफ असते. त्यावरून इंजिन खोलणं मला अजिबात पटलं नाही.

आम्ही तुर्भ्यातल्या एका जुन्या मेकॅनिक काकांकडे गेलो. त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर एक निळ्या द्रवाची नळी बसवली आणि आतली हवा त्यातून ओढली. जळलेला वायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आला असता तर द्रव पिवळा पडला असता. तो निळाच राहिला. गॅस्केट बरंच म्हणायचं!

मग थंड इंजिनाला हातपंप लावून त्यांनी १ बार दाब दिला. दहा मिनिटांत दाबाचा काटा सावकाश खाली आला. काकांनी टॉर्च वॉटर बॉडीच्या, म्हणजे कूलंट फिरवणाऱ्या पंपाच्या, खाली धरला. तिथे एक बारीक भोक असतं; आतलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली हिरवट-पांढरी खरवड धरली होती, आणि तिच्या टोकाला एक थेंब लटकत होता. गाडी चालताना दाब वाढला की गळती वाढायची, पण पाणी तापल्या ब्लॉकवर पडून तिथेच वाळायचं. रात्री गाडी थंड, दाब शून्य, गळती बंद. मग खाली थेंब दिसणार कुठून?

आतेभाऊ रोज पहाटे वर पाणी ओतून निघायचा, तेही बोअरचं. त्यामुळे किती गेलं आणि कधी गेलं, हा पुरावाच पुसला जात होता. शिवाय जड पाण्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि कूलंटमधली गंज रोखणारी द्रव्यं पातळ होतात. पाणी फार उतरलं तर आणखी एक धोका असतो. तापमानाचा सेन्सर उघडा पडतो आणि इंजिन तापत असतानाही काटा खालीच दिसू शकतो.

नवी वॉटर बॉडी बसली. "थर्मोस्टॅट काढूनच टाकू का, गाडी थंड राहील," असं आतेभावाने विचारलं. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व्ह. काकांनी ठाम नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. फार थंड इंजिनात डिझेल नीट जळत नाही, झीजही वाढते. आतून पाणी धुऊन काढलं, निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड वॉटर भरलं, इंजिन चालू ठेवून हवा काढली. जुनं कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरलं, कारण ते गोड लागतं, गल्लीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि त्याच्या विषाने मरतात.

बाटलीवर मार्करने रेघ मारली. पहिले दोन दिवस पातळी बोटभर उतरली. आत अडकलेली हवा निघत होती. तिसऱ्या दिवसापासून घाट चढून आल्यावरही, गाडी थंड झाली की, ती रेघेवरच असते.