सेवास्थळाची मांडणी

ज्या जागेत गिऱ्हाईक स्वतः येऊन सेवा घेते, तिथल्या काउंटर, वाटा, बैठक, गोदाम व यंत्रे यांच्या आखणीला सेवास्थळाची मांडणी म्हणतात. कारखान्याची आखणी मालाच्या प्रवासावरून ठरते. दुकान, बँक वा दवाखान्यात त्या वाटेने माणूसच चालतो आणि कर्मचारी त्याच जागेत अख्खा दिवस काढतात. सेवा-विपणनाच्या अभ्यासक मेरी जो बिटनर यांनी 1992 मध्ये मांडलेल्या आराखड्यात हवा-प्रकाश-आवाज, जागेची रचना आणि पाट्या-खुणा असे तीन घटक आहेत. त्यांचा परिणाम गिऱ्हाईक व कर्मचारी दोघांवरही होतो असे तो मानतो. व्यवहारात दर्शनी भागावर खर्च होतो आणि काउंटरमागच्या माणसाचा विचार शेवटी येतो. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

मांडणी कुठे अडते, ते खानदेशातील कृषी सेवा केंद्रावर स्पष्ट दिसते. मे अखेरीपासून कापसाच्या लागवडीसाठी बियाणे व खताला एकदम गर्दी होते. अनुदानित खत देताना पॉस मशीनवर (विक्रीची नोंद करणारे छोटे यंत्र) आधारची पडताळणी करावी लागते. कामाने झिजलेल्या बोटांचा अंगठा लवकर लागत नाही, मधेच नेटवर्क जाते. एका पडताळणीला 4 मिनिटे लागली तर तासाला 15 शेतकरीच पुढे सरकतात. तासाला 20 येत असतील तर दर तासाला 5 जण साचतात आणि सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत रांगेत 20 जण उभे राहतात. अशा वेळी काउंटर लांब करून काहीच साधत नाही; अडले आहे ते मशीनपाशी. दुसरे मशीन घ्यावे, नेटवर्क नीट मिळेल तिथे ते ठेवावे आणि फक्त बियाणे किंवा औषध घेणाऱ्याचे बिल वेगळ्या ठिकाणी करावे. काम एकच आणि खिडक्या दोन असतील तर रांग एकच ठेवावी, म्हणजे एकाच्या अडचणीने मागचे सगळे अडकत नाहीत.

आवक स्थिर असताना बैठकीचा अंदाज लिटलच्या सूत्राने (येणाऱ्यांचा वेग गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ) येतो: तासाला 12 जण आले आणि प्रत्येकाला 20 मिनिटे लागली, तर आत सरासरी 4 जण असतात. जळगावच्या सराफ बाजारात मात्र लग्नाचे सोने घ्यायला घरचे पाच-सहा जण सोबत येतात. तिथे खुर्च्या गिऱ्हाइकांवरून नव्हे, कुटुंबांवरून मोजाव्या लागतात.

खताची 45-50 किलोची गोणी हमालाच्या खांद्यावरून गर्दीतून जाऊ नये, म्हणून गोदामाला मागून किंवा बाजूने वेगळे दार हवे. थप्पी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी रचावी; ओल धरली की युरियाचे ढेकूळ होतात. कीटकनाशके वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवावीत आणि ती खोली कोरडी व हवेशीर असावी, असे कीटकनाशक नियम, 1971 सांगतात. त्या खोलीचा पंखा हवा बाहेर फेकणारा असावा. तो चुकीच्या जागी बसला तर औषधाचा वास दिवसभर बिल करणाऱ्याच्या नाकात जातो.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो. दुकानाचे तोंड पश्चिमेला असेल तर दुपारनंतर रांग उन्हात येते. पुढे छपरी आणि पिण्याचे पाणी हवेच. कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो. पाऊस सुरू झाला की त्याची दमट हवा खताच्या थप्पीकडे जाणार नाही, असे त्याचे तोंड वळवावे.

उभ्याने काम करायचा काउंटर साधारण 100 ते 105 सेंटीमीटर उंच, बसून लिहायचा 75 सेंटीमीटर. काउंटरमागे एका माणसाला किमान 90 सेंटीमीटर वाट लागते. दोघांना ये-जा करायची असेल तर 120. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 धरतात. म्हणजे तीन पायऱ्यांच्या, 45 सेंटीमीटर ओट्याला 5.4 मीटर लांबीचा उतार लागतो. समोर तेवढी जागा नसते म्हणून अनेकदा आखूड, तीव्र उतार बांधला जातो आणि तो म्हाताऱ्या माणसाला पायऱ्यांपेक्षा धोक्याचा ठरतो. भिंतीला समांतर वळवलेला, कठडा लावलेला उतार बहुतेक दुकानांपुढे बसू शकतो.

फर्निचर करण्याआधी जमिनीवर खडूने काउंटर आखून, रिकामी खोकी मांडून एका बाजाराच्या दिवशी व्यवहार करून पाहावा. माणसे कुठे एकमेकांना धडकतात आणि बिल करणारा किती वेळा उठतो, हे तेव्हाच कळते.