मोझांबिकचा स्वातंत्र्यलढा

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरील मोझांबिकच्या जनतेने पोर्तुगीज सत्तेविरुद्ध १९६४ ते १९७४ या काळात दिलेला सशस्त्र लढा. देश २५ जून १९७५ रोजी स्वतंत्र झाला.

पोर्तुगालने १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ म्हणायला सुरुवात केली, पण शेतकऱ्याचे हाल तेच राहिले. ‘शिबालो’ ही वेठबिगार चालू होती. त्यात १९३८ पासून, विशेषतः उत्तरेत, कापसाची सक्ती आली. घरच्या धान्याची पेरणी मागे टाकून कापूस खुरपायचा आणि सरकारने बांधून दिलेल्या पडेल भावाने ठरलेल्या कंपनीलाच घालायचा. कित्येक घरांत त्यामुळे उपासमार झाली. लढ्याची खरी मुळे या कापसाच्या रानात आहेत. १६ जून १९६० रोजी मुएडा येथे गाऱ्हाणी मांडायला जमलेल्या माकोंडे जमातीच्या शेतकऱ्यांवर सैनिकांनी गोळीबार केला. पुढे लढा चालवणाऱ्या फ्रेलिमोने (मोझांबिक मुक्ती आघाडी) मृतांची संख्या सहाशेच्या घरात सांगितली. पुढच्या काही अभ्यासकांनी ती बरीच कमी धरली. पण अर्ज-विनंत्यांवरचा विश्वास तिथेच उडाला.

तीन संघटना एकत्र येऊन २५ जून १९६२ रोजी शेजारच्या टांगानिकातील (आताचे टांझानिया) दार-ए-सलाम येथे फ्रेलिमो स्थापन झाली. मानवशास्त्राचे प्राध्यापक एदुआर्दो मोंडलाने तिचे अध्यक्ष झाले. २५ सप्टेंबर १९६४ रोजी उत्तरेकडील काबो देल्गादोमधील ‘शाई’ या गावच्या पोर्तुगीज ठाण्यावर हल्ला करून युद्धाला तोंड फुटले. मुक्त केलेल्या भागांत फ्रेलिमोने शाळा, दवाखाने आणि सामुदायिक शेती उभी केली. बंदुकीइतकेच हे कामही मोलाचे होते. १९६९ मध्ये टपालाने आलेल्या बाँबने मोंडलाने यांचा बळी घेतला. पूर्वी परिचारक असलेले सामोरा माशेल पुढे अध्यक्ष झाले. डिसेंबर १९७२ मध्ये पोर्तुगीज फौजांनी विरियामू आणि आसपासच्या गावांत केलेली कत्तल पुढच्या वर्षी जगापुढे आली. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनमध्ये युद्धाला विटलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनीच हुकूमशाही उलथवली. ७ सप्टेंबरला पोर्तुगाल आणि फ्रेलिमो यांच्यात स्वातंत्र्याचा लुसाका करार झाला.

गोव्याशी मोझांबिकचे नाते जुने आहे. १७५२ पर्यंत त्याचा कारभार गोव्यातूनच चाले. १९६१ मध्ये कासाब्लांका येथे पोर्तुगीज वसाहतींतील चळवळींची परिषद भरली, तीत गोव्याचे प्रतिनिधीही होते. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा फ्रेलिमोचे विचारवंत आणि माशेल यांचे निकटचे सल्लागार होते. १९ ऑक्टोबर १९८६ रोजी माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात त्यांचाही मृत्यू झाला.