ल्युपसच्या रुग्णांना वास कमी का येतो?

मराठवाड्यात येसर (आमटीसाठी धान्य-मसाले भाजून केलेले पीठ) भाजताना कढई केव्हा उतरवायची, हे बहुतेक बायका वासावरूनच ठरवतात. गेल्या उन्हाळ्यात लातूरजवळच्या एका गावी आमच्या नात्यातील एका बाईंच्या हातून धने आणि हरभऱ्याची डाळ लागोपाठ दोनदा करपली आणि डोळ्यांत धूर जाईपर्यंत त्यांना ते कळलेही नाही. सर्दी नव्हती. कोणीतरी फोडलेला कांदा हुंगायला दिला, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले आणि नाक शाबूत असल्याचा निर्वाळा घरच्यांनी देऊन टाकला. या बाई सात वर्षांपासून ल्युपस या आजाराची औषधे घेत आहेत, याचा करपलेल्या धन्यांशी संबंध असू शकेल, हे त्या दिवशी कोणाच्या मनात आले नाही.

कांद्याची ही परीक्षा मुळातच फसवी आहे. कांद्याचा झोंबरेपणा, पुदिन्याचा गारवा आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका आपल्याला ‘ट्रायजेमिनल’ नावाच्या वेगळ्याच मज्जातंतूमुळे जाणवतो, त्यामुळे ज्याला अजिबात वास येत नाही त्याच्याही डोळ्यांत कांद्याने पाणी येते. (फिट आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. फिट बहुतेक वेळा काही मिनिटांत आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. ल्युपसमध्येही फिट येऊ शकते, म्हणून हे सांगितले.)

ल्युपसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते, आणि दर दहा रुग्णांमागे सुमारे नऊ स्त्रिया असतात. सांधे, त्वचा आणि मूत्रपिंडे यांच्याकडे डॉक्टरांचे लक्ष असतेच. नाकाविषयी मात्र सहसा कोणी विचारत नाही. इस्राएलमधील संशोधकांनी २००९ मध्ये ५० रुग्ण आणि ५० निरोगी व्यक्ती यांची तुलना केली, तेव्हा ४६ टक्के रुग्णांची गंधक्षमता घटलेली आढळली. निरोगी गटात हे प्रमाण २५ टक्के होते. ही चाचणी पेनासारख्या गंधकांड्यांनी घेतात. वास किती विरळ असताना कळतो, दोन वासांतला फरक कळतो का आणि वासाचे नाव सांगता येते का, अशा तीन भागांचे प्रत्येकी १६ गुण असतात. ही चाचणी मूळची जर्मनीतली असल्यामुळे तिसऱ्या भागातील काही वास आपल्याकडच्या माणसाला ओळखू आले नाहीत, तर तो दोष नाकाचा मानता येणार नाही.

आता खरी गंमत मेंदूकडे जाणाऱ्या वाटेची आहे. नाकाच्या छताशी असलेल्या लहानशा पडद्यात गंध टिपणाऱ्या पेशी असतात. माणसात गंधग्राहकांचे, म्हणजे गंधाचे कण पकडणाऱ्या प्रथिनांचे, सुमारे ४०० प्रकार आहेत आणि एका पेशीवर साधारणपणे एकच प्रकार असतो. गंधग्राहकांचे हे मोठे जनुककुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये उजेडात आणले आणि त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. या पेशींचे तंतू चाळणीसारख्या हाडाच्या छिद्रांतून वर जातात आणि एकाच प्रकारच्या ग्राहकाचे तंतू घ्राणकंदात, म्हणजे वासाचे संदेश प्रथम पोहोचतात त्या मेंदूच्या भागात, ठरावीक बिंदूंवर एकत्र येतात. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांचे संदेश आधी मेंदूतील थॅलॅमस या टप्प्यावर थांबतात. गंधाचा संदेश मात्र तिथे न थांबता मेंदूच्या घ्राणभागात आणि भावनांशी निगडित असलेल्या अमिग्डालात थेट पोहोचतो.

ल्युपसच्या काही रुग्णांच्या रक्तात ‘रायबोसोम-पी’ या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडीज, म्हणजे प्रतिकारयंत्रणेची हल्ला करणारी प्रथिने) सापडतात. रायबोसोम, म्हणजे प्रथिने तयार करणारा सूक्ष्म घटक, पेशीच्या आत असतो आणि प्रतिपिंड सहसा आत शिरत नाही, मग ते इजा कशी करणार? चिलीतील संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले की ही प्रतिपिंडे मेंदूतील काही पेशींच्या पृष्ठभागावर असलेल्या एका निराळ्या प्रथिनालाही चिकटतात. त्याच सुमारास इस्राएलमध्ये रुग्णांकडून मिळवलेली अशी प्रतिपिंडे उंदरांच्या मेंदूत टोचली गेली, तेव्हा ती घ्राणभागातील आणि स्मृती व भावना सांभाळणाऱ्या भागांतील पेशींना चिकटली. उंदरांची गंधक्षमता घटली आणि त्यांच्या वागण्यात नैराश्यासारखी लक्षणे दिसली. अर्थात ती थेट मेंदूत टोचलेली होती. माणसात रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक अडसर असतो आणि तो कमकुवत झाल्यावरच प्रतिपिंडे आत पोहोचू शकतात. म्हणून उंदरांवरचा हा निष्कर्ष प्रत्येक रुग्णाला जसाच्या तसा लावणे घाईचे ठरेल.

यावर ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ काढा सुचवणारे पुष्कळ भेटतात. जी यंत्रणा आधीच घरच्यांवर धावून जाते तिला आणखी चेव आणून काय साधणार, हे त्यांनी सांगावे.

वास कमी येत असेल तर नाकातील कोंब, तंबाखू, कोविड आणि वाढते वय ही कारणे आधी तपासावी लागतात, आणि ल्युपसच्या डॉक्टरांना ही तक्रार मुद्दाम सांगावी लागते. स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. ज्यांना तो वास येत नाही त्यांच्या घरात रात्री रेग्युलेटर बंद झाला की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी पाहिले पाहिजे.