फुलांना पानांचा टेकू
पुण्यातल्या मंगल कार्यालयांत स्टेजवर फुलांचे गच्च गुच्छ मांडलेले असतात. त्यांच्या पोटात बहुतेकदा हिरवा फोम असतो. डेकोरेशनवाले त्याला ‘ओॲसिस’ म्हणतात. 1954 साली अमेरिकेत आलेला हा फोम म्हणजे फिनॉल-फॉर्मल्डिहाइडचं प्लास्टिक. पाणी भरपूर पितो, खोचलेली दांडी जागची हलू देत नाही. पण तो कुजत नाही, आणि चुरा झाला की त्याचे बारीक कण पाण्याबरोबर गटारात जातात.

घरच्या फुलदाणीसाठी तरी त्याची गरज नाही. मोठ्या पानाची सैलसर गुंडाळी फुलदाणीत उभी करायची आणि तिच्या पदरांमध्ये दांड्या खोवायच्या.

एवढं पातळ पान भार पेलतं कसं? पहिलं कारण पाणी. पेशीतलं पाणी पेशीभित्तिकेला आतून रेटत असतं, आणि ताज्या पानात हा दाब कित्येकदा गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असतो. पानात मासे बांधण्याआधी आपण केळीचं पान आचेवरून फिरवतो, तेव्हा नेमका हाच दाब घालवतो. उष्णतेनं पेशींची पटलं निकामी होतात, पाणी बाहेर झिरपतं आणि पान लुळं पडतं. फुलदाणीसाठी पान कडक हवं, म्हणून कापल्यावर ते आधी तासभर पाण्यात ठेवलेलं बरं.

दुसरं कारण आकार. सपाट पान सहज वाकतं, तेच गुंडाळलं की वाकेनासं होतं. केळीनं ही युक्ती स्वतःच वापरली आहे. तिच्या पानाचा देठ आडवा कापून पाहा: वरून खोलगट, आत हवेच्या पोकळ्या. असा देठ सहजी वाकत नाही, पण पिळला मात्र जातो. त्यामुळे वाऱ्यात एवढं मोठं पान मोडण्याऐवजी वळतं.

गुंडाळी करताना शिरांकडे लक्ष हवं. केळीत आणि कर्दळीत मधल्या शिरेपासून कडेकडे जवळजवळ समांतर शिरा जातात. मधली जाड शीर काढून टाकावी आणि बाकीच्या शिरा उभ्या राहतील अशा बेतानं पान गुंडाळावं. मग प्रत्येक शीर एकेक खांब होते. टोक पत्रावळीसारखं काडीनं टाचलं की झालं. तळेगावच्या पॉलिहाऊसमधून येणाऱ्या जरबेराला असा आधार फार मानवतो. त्याची दांडी पोकळ, फूल जड, त्यामुळे मान टाकायची त्याला भारी हौस.

पसरट भांडं असेल तर मॉन्स्टेरा माझ्या मते सर्वांत सोपा. मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेतला हा वेल आता पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांच्या झाडांवर चढलेला दिसतो. पान भांड्याच्या तोंडावर आडवं ठेवायचं आणि त्याच्या भोकांतून दांड्या सोडायच्या. आयती जाळीच!

फोमपेक्षा पान एका बाबतीत उणं आहे: पाण्यात बुडालेला भाग कुजतो. तिथे वाढलेले जिवाणू फुलांच्या दांड्यांतल्या जलवाहिन्या तुंबवतात आणि भरल्या पाण्यात फुलं सुकतात. म्हणून जाड, मेणचट पानं निवडावीत, पाणी रोज बदलावं आणि दांड्यांची टोकं तिरपी छाटावीत. केळीच्या चिकाचे डाग कपड्यावरून निघत नाहीत. मॉन्स्टेरा अळूच्याच कुळातला. त्याच्यातही कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापल्यावर हात धुवा, आणि घरात पानं चावणारं मांजर असेल तर कर्दळच वापरा.